साखरेचा सुळका

१९ मोर्दाद, चोगाखोर तळं

खावर,

फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतेस. कागद तसा ठेवून देता येत नाही. फाडता येतो, पण फाडायच्या आधी माणूस एकदा बघतंच. तू तर बघणारच. लहानपणापासून दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते बघितल्याशिवाय तुझा घास उतरत नाही.

अक्षर माझंच आहे. बायकांच्या साक्षरता वर्गात दोन हिवाळे बसले, हसायचं असेल तर हस. मनीझा म्हणाली, आई, सांग, मी लिहून देते. म्हटलं नको. तुझं-माझं पोरीच्या हातातून जायला नको.

आम्ही तळ्यावर उतरलोय. हवेसाठी. मस्जिद-सुलेमानात या दिवसांत दाराच्या कडीला हात लावला तर कातडी निघते, हे तुला मी सांगायला नको. मनीझाचा बाप, इस्कंदर, म्हणाला, थंडाव्याला जाऊ. निघालो. सरकारी जागा आहे. सिमेंटचे चौथरे ओळीनं, ज्यानं त्यानं आपला तंबू ठोकायचा. प्रत्येक ओळीला एक नळ, संडास पार त्या टोकाला, लोटा घेऊन रांगेत उभं राहायचं आणि पुढच्या बाईच्या सुनेची कहाणी ऐकायची. पाणी सकाळी येतं, मनात आलं तर. दुपारनंतर तळ्यावरून वारा सुटतो आणि तंबूला असा बडवतो की आत बसलेलं माणूस म्हणजे पिशवीत कोंबलेलं मांजर. बाहेर यावं तर मच्छर. रखवालदार शिट्टी वाजवत फिरतो, दोऱ्या नीट बांधा, कचरा टाकू नका. त्याची शिट्टी एक दिवस मी तळ्यात फेकणार आहे.

आणखी थोडे दिवस राहू. आमच्या पेकान गाडीचा गिअरबॉक्स गेलाय. शेजारच्या तीन चौथऱ्यांवर लोर्देगानच्या एका बाईचं खटलं आहे, तूबा खानम. विधवा, अंगानं माझ्या दुप्पट, तळ्यावर आली तरी घराच्या चाव्यांचा जुडगा गळ्यात. तिचा मुलगा फरामर्ज ट्रॅक्टर दुरुस्त करतो. तो आमच्या गाडीखाली आडवा झाला, गिअरबॉक्स उतरवला आणि आपल्या पिकअपमध्ये टाकून दुकानात घेऊन गेला. म्हणाला, खाला, काळजी सोडा, तुमची गाडी ती माझी गाडी. पोरगा वाईट नाही. बोलताना जमिनीकडे बघतो आणि शेंगदाणे खातो.

तूबा खानमनं पहिल्याच दिवशी ताट भरून डाळी-पाल्याची घट्ट आश पाठवली. ताट रिकामं परत द्यायचं नसतं, मी काकड्या घालून दिलं. तर दुसऱ्या दिवशी कबाब. मी दही दिलं. तिसऱ्या दिवशी कलिंगड, तळ्याच्या पाण्यात गार केलेलं. मी म्हटलं, या बाईला झोप येत नाही का? माझ्याकडे काय दुकान आहे?

एक सांगायचं होतं. मनीझा पास झाली. शिक्षिका होण्याच्या वर्गाला. मुलाखत शहरीवर महिन्याच्या पाचला, तुमच्या शहरेकोर्दला. तुझ्याकडे उतरणार असं म्हणत नाहीये मी. तू खाला आहेस तिची, सख्खी मावशी, म्हणून कळवलं.

माझा पत्ता लिहीत नाही. इथं पत्ता नसतो. बोल्दाजीचा मिनीबसवाला हे पोचवेल. त्याला सांगितलं की आम्ही नळाच्या बाजूच्या चौथऱ्यावर.

कोकब

२४ मोर्दाद

खावर,

हे नीट वाच, उभ्याउभ्या वाचू नकोस.

परवा तूबा खानमनं भातावर कोकराची आख्खी तंगडी ठेवून पाठवली. खाल्ली आम्ही. न खाऊन काय करणार, वास सगळ्या ओळीत पसरला होता. मग ताट धुतलं आणि बसले त्याच्याकडे बघत. तंबूत कांदे होते, शिळी रोटी होती, चहा होता. आणि निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका होता, न फोडलेला. थंडाव्याला येताना कुणी साखरेचा सुळका बरोबर आणतं का, म्हणशील. आणला होता मी. ते सोड.

मला घाई होती. नळाचं पाणी जायची वेळ झाली होती, कपडे तसेच पडले होते. मी सुळका ताटात उभा केला आणि मनीझाच्या हातात दिलं, म्हटलं जा, देऊन ये, लगेच ये.

आता तू डोकं धरून बसली असशील. मीही बसले, पण उशिरा. पोरगी चार पावलं गेली असेल, तोवर मी बादली उचलली होती. बादलीत पाणी पडायचा आवाज, आणि त्यावरून किलकारी आली. एक, मग दुसरी, मग सगळ्या बायकांच्या. तुला आठवतात ना आपल्या डोंगरातल्या बायकांच्या त्या लग्नातल्या किलकाऱ्या, छातीत घुसणाऱ्या. मी म्हटलं कुणाकडे काय झालं? वळून बघते तर माझी मनीझा त्यांच्या गालिच्यावर उभी, हातात ताट, ताटात सुळका, आणि तूबा खानम तिच्या डोक्यावरून हात फिरवतेय.

"पोरीनं होकाराचा सुळका स्वतःच्या हातानं आणला!" ती ओरडत होती. "न मागता! अगं, आम्ही तर अजून विचारलंही नव्हतं!"

त्यांच्या दिराला, त्या म्हाताऱ्याला, हातोडी दिली. त्यानं बिस्मिल्ला म्हणून सुळका फोडला. मी ओला हात ओढणीला पुसत धावले, पोचेपर्यंत तुकडे पोरांच्या तोंडात. सगळ्या ओळीला वाटला. रखवालदारालाही दिला, त्यानं आनंदानं शिट्टी वाजवली. आमच्या तंबूतही दोन तुकडे आले. इस्कंदरनं एक चहात बुडवून खाल्ला. त्याला कळलंच नव्हतं तो काय खातोय. सुळक्याचं टोक तूबा खानमनं हिरव्या रुमालात बांधून चाव्यांच्या शेजारी लटकवलं.

मी गेले. तुला माहीत आहे मला फिरवून बोलता येत नाही. म्हटलं, "तूबा खानम, ती परतफेड होती. ताट रिकामं द्यायचं नव्हतं म्हणून. पोरगी द्यायची नाहीये मला."

तर सगळ्या हसल्या!

"ऐका गं ऐका," तूबा म्हणते, "पोरीची आई असावी तर अशी. माझी आई तीन दिवस नाही नाही म्हणत होती, चौथ्या दिवशी आवाज बसला तिचा."

मी म्हटलं, "मी आढेवेढे घेत नाहीये. खरंच नाही म्हणतेय."

"सगळ्या असंच म्हणतात!" तिची नणंद म्हणाली. "अजून म्हणा, कोकब खानम. सुनेची किंमत वाढते."

"अहो, मला नको आहे तुमचा मुलगा!"

"बघा, बघा, डोळे कसे भरले आईचे."

डोळे रागानं भरले होते, खावर. जन्मभर मी जे मनात ते तोंडावर बोलले, त्यापायी माणसं तोडली, तुला तोडलं. आणि ज्या एका दिवशी माझ्या तोंडावर विश्वास ठेवायला हवा, त्या दिवशी सगळ्यांना वाटतं मी लाजतेय. मी! लाजतेय!

इस्कंदरकडे बघितलं. तो म्हणाला, "त्यांचं मीठ खाल्लंय, कोकब. गिअरबॉक्सही त्यांच्याकडे आहे." आणि बूट शोधायला लागला. पायातच होते.

मग माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, "देता येत नाही. तिची नाळ नाव लावून कापलेली आहे, जन्मतःच ठरलेली आहे ती."

तेव्हा कुठे हसणं थांबलं. नाळ ही एकच गोष्ट आहे, जिच्यावर आपल्या लोकांत कुणी हसत नाही. तूबानं विचारलं, "कुणाच्या नावानं?"

"माझ्या बहिणीच्या मुलाच्या. सियामकच्या."

"बहीण कुठे असते?"

"शहरेकोर्दला."

"शहरेकोर्दला?" तिनं माझ्या तंबूकडे बघितलं, भांड्यांकडे बघितलं, दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं. "दीड तासावर सख्खी बहीण, आणि तू इथं सिमेंटवर झोपतेस?"

मी दोरीवरचे कपडे ओढून घ्यायला लागले, ओलेच.

"येऊ दे तिला," ती म्हणाली. "नाळेचा हक्क माझ्याहून मोठा, मान्य आहे. ती येऊन माझ्यासमोर बोलली, तर हे टोक मी माझ्या हातानं परत करीन. हा सोडून पुढच्या शुक्रवारपर्यंत थांबते. नाही आली, तर शुक्रवारी अंगठी."

त्यांच्या सुना बाहेर काम करत नाहीत. तेही सांगून टाकलं तिनं, चांगल्या तोंडानं, जणू बक्षीस देतेय. "शाळेत दुसऱ्याची पोरं कशाला सांभाळायची, स्वतःची होतील की." म्हणजे पाच तारीख गेली.

मला माहीत आहे, सियामकसाठी तू मनीझाला मागितलं तेव्हा भरल्या घरात मी काय म्हणाले ते. आधी त्याला नाक पुसायला शिकव, म्हणाले. सात वर्षांचा असल्यासारखं. आता त्याचंच नाव घेऊन बसलेय. हवं तेवढं हस, पण ये. काही खरं करायचं नाहीये. यायचं, म्हणायचं हो, नाळ आमच्या नावाची, चहा प्यायचा आणि जायचं. माझ्याशी बोललीही नाहीस तरी चालेल.

कोकब

२८ मोर्दाद

खावर,

तुझं उत्तर आलं. मिनीबसवाल्याच्या तोंडी, सगळ्या ओळीसमोर ओरडला असता, मी त्याचं तोंड दाबलं. "सियामकचा साखरपुडा नौरोजमध्ये झाला, बहिणीला सांगा." एवढंच?

साखरपुडा झाला आणि मला बोलावलं नाहीस. बरं. बोलावलं असतंस तर मी आले असते का, माहीत नाही. पण न यायचा हक्क तरी मला द्यायचा होतास.

म्हणजे आता मी खोटं बोलले ते अर्धं नाही, पुरतं खोटं. तू येऊन माझ्या म्हणण्याला मान डोलावलीस तर तुझ्या सुनेच्या माहेरी काय सांगशील? कळतं मला. मी मूर्ख नाहीये, फक्त घाईची आहे.

मनीझा माझ्याशी बोलत नाही. भांडी घेऊन नळावर जाते आणि चार भांड्यांना तासभर लावते. नाहीतर लव्हाळ्यांपाशी पाठ करून बसते, मुलाखतीचं पुस्तक मांडीवर, पान उलटत नाही. काल म्हटलं, "अगं बोल तरी, शिव्या दे." तर म्हणाली, "आई, तू मला ताटात घालून पाठवलंस. काकड्या, दही, मग मी." मी तिला एक लगावणार होते. हात उचललाही. मग तोच हात डोक्यावरच्या ओढणीला नेला, जणू ती सरळ करायची होती.

पळून का जात नाही, म्हणशील. कशानं? पेकान चार दगडांवर उभी आहे, पोटात भोक पडल्यासारखी. मिनीबस तूबाच्या चौथऱ्यासमोरच थांबते. आणि जायचं कुठे?

घे. हे तुला वाचायचं होतं ना?

घर नाही आम्हाला. इस्कंदरला तेल कंपनीनं वसंतात निवृत्त केलं, वय व्हायच्या आधीच. कंपनीचं घर होतं, ते सोडावं लागलं. सहकारी सोसायटीची इमारत होणार होती, तिच्यात आमचं नाव आहे, पण तिथं अजून खांबच आहेत, खांबांवर कबुतरं. सामान इस्कंदरच्या मित्राच्या गोदामात. जे लागतं ते इथं आणलं. म्हणून साखरेचा सुळका. म्हणून समोवार, म्हणून मनीझाच्या हिवाळी पुस्तकांची पेटी, जिच्यावर मी बसून लिहितेय. लोक येतात, चार दिवस तळ्यात पोरं बुडवतात, कलिंगडं खातात, जातात. त्यांच्या जागी दुसरे. प्रत्येक नव्या बाईला मी सांगते, आम्ही कालच आलो. रखवालदारालाच तेवढं कळलंय. तो शिट्टी वाजवतो, पण आमच्या चौथऱ्यापाशी येऊन थांबवतो. त्याचंही चांगलं वाटत नाही मला, दया आहे ती. मेहर महिन्यात नळ बंद करतात इथं, पाइपात बर्फ होतो म्हणून. इस्कंदर म्हणतो, तोवर काहीतरी होईल. तो कधीपासून असंच म्हणतोय.

तूबानं हे कधीच ओळखलं असणार. तिनं काल चाव्या खुळखुळवत सांगितलं, लोर्देगानला तिच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे. दोन खोल्या, आत नळ, समोर अक्रोडाचं झाड. "व्याही म्हणून राहाल, कुणी काही बोलणार नाही."

आत नळ, खावर.

मी एक घटकाभर गप्प बसले. तुलाच सांगतेय, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. मी गप्प बसले, आणि माझ्या त्या गप्प बसण्याला ती होकार समजली. या वेळी तिचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही.

इस्कंदर मनीझासमोरच म्हणाला, मुलगा काम करणारा आहे, आपण हिवाळ्यात कुठे जाणार. पोरीनं समोवारचं झाकण नीट लावलं आणि उठून गेली.

ती गेली तेव्हा मला कळलं की मी हे होऊ देणार नाही. पण कसं, ते कळलं नाही.

कोकब

१ शहरीवर

खावर,

ये किंवा येऊ नकोस. उद्या शुक्रवार आहे. तूबाच्या नणंदेनं मनीझाच्या बोटाचं माप दोऱ्यानं घेतलं. पोरीनं हात पुढे केला, माझ्याकडे बघत केला.

मी उद्या सगळ्यांसमोर ते नाळेचं खोटं होतं असं सांगणार आहे आणि मग त्या मला काय वाटेल ते म्हणोत. पण त्या पुन्हा हसतील. मला त्याचीच भीती वाटते.

कोकब

५ शहरीवर

खावर,

आज पाच तारीख. ऊन आत्ता पेकानच्या टपावर आलंय, म्हणजे मनीझा आत गेली असेल. तू बाहेर बाकावर बसली असशील, पर्स मांडीवर, तोंड वाकडं करून. सांग तिला जोरात बोलायला. ती घाबरली की शब्द गिळते. अर्थात तू हे वाचशील तोवर सगळं झालेलंही असेल.

तू शुक्रवारी माझ्याशी एक शब्दही बोलली नाहीस. मीच लिहिलं होतं तसं. पण तू स्वतःला बघितलं नसशील, म्हणून मी सांगते. मिनीबस थांबली, आधी एक पातेलं खाली आलं, मग तू. जाडी झालीस. ओळीतल्या सगळ्या बायका बघत होत्या. तू माझ्या समोरून, अशी हातभर अंतरावरून, गेलीस, जणू मी दिव्याचा खांब. मनीझापुढे पातेलं ठेवलंस, झाकण काढलंस आणि म्हणालीस, "खा. हाडं दिसायला लागली तुझी." भरली द्राक्षाची पानं. आपल्या आईसारखी, आंबट जास्त. पोरगी तिथंच रडत रडत खायला लागली, तूबाच्या गालिच्यावर, अंगठीच्या तबकाशेजारी.

मी तंबूच्या दाराशी उभी. मला वाटलं आता ही सियामकचं नाव घेणार, आणि आपण तिघी बुडणार.

तूबा खानमनं तुला बसायला सांगितलं नाही. उभ्यानंच विचारलं, "तुमची बहीण म्हणते, पोरीची नाळ नाव लावून कापलीये."

"कापलीये," तू म्हणालीस.

"कुणी कापली?"

"मी. तेलकामगारांच्या संपाचा हिवाळा होता. रस्ते बंद, दाई येईना. कोकब ओरडत होती, तेव्हाही मलाच शिव्या देत होती. मी चुलीवर सुरी तापवली आणि या हातानं नाळ कापली."

"आणि कुणाच्या नावानं?"

खावर, तू उजवा हात वर केलास, मेंदी उतरलेला, आणि म्हणालीस, "माझ्या. माझ्या नावानं कापली. मुलगी माझी आहे. माझ्या मुलांचं मी बघून घेईन, हिचं आधी. सोमवारी तिला माझ्या गावात काम आहे. न्यायला आलेय."

कुणी हसलं नाही.

तूबाची नणंद काहीतरी म्हणायला गेली, की असं कुठं असतं, मावशीच्या नावानं कुणी नाळ कापतं का. तूबानं हात आडवा केला. फरामर्ज पिकअपला टेकून उभा होता. शेंगदाणे खायचं विसरला होता बिचारा. मग तू मनीझाला म्हणालीस, "पुस्तकं घे. कपडे नको, माझ्याकडे आहेत." आणि ती आली, माझ्या गळ्यात पडली, माझ्या कानात काय म्हणाली ते मी लिहिणार नाही. तिच्याकडून ऐक, सांगितलं तर. मिनीबस वळली. तू खिडकीतून तळ्याकडे बघत होतीस, माझ्याकडे नाही. पण खिडकी उघडी ठेवली होतीस, आणि तुला तर वारा सोसत नाही.

पुढचं तुला माहीत नाही. ते सांगायलाच कागद घेतला.

तुम्ही गेल्यावर तूबा खानम माझ्या चौथऱ्यावर आली. ही बाई आजवर कधी माझ्या चौथऱ्यावर बसली नव्हती, नेहमी मीच तिच्याकडे. तेच ताट घेऊन आली. बसताना सिमेंट हललं म्हणायचं. तिनं गळ्यातून हिरवा रुमाल सोडला, सुळक्याचं टोक काढलं आणि ताटात ठेवलं. म्हणाली, "घे तुझं."

मी म्हटलं, "तूबा खानम, ते नाळेचं..."

"गप्प बस," ती म्हणाली. मला! "बोल्दाजीला माझ्या भाच्याचं गझ मिठाईचं दुकान आहे. नौरोजात शहरेकोर्दला तुझ्या बहिणीच्या घरी सियामकच्या साखरपुड्याच्या पेट्या त्यानंच पोचवल्या. तू ते नाव घेतलंस त्याच संध्याकाळी मी विचारून घेतलं. तिनं आज मुलाचं नाव घेतलं असतं, तर मी तिथल्या तिथे दोघींचं खोटं उघडं पाडलं असतं आणि अंगठी घालून टाकली असती."

"मग शुक्रवारपर्यंत थांबलात कशाला?"

तिनं चाव्या मुठीत धरल्या. "तुझं कुणी आहे का ते बघायला. तू नाही म्हणत होतीस, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मी काय बहिरी आहे? पण उघड्यावर राहणारी आई नाही म्हणते, तिच्या नाहीवर हिवाळा काढता येतो का? मी म्हटलं, हिच्या पोरीसाठी कुणीच येणार नसेल, तर आपल्याकडे आलेली काय वाईट. खाईल, पिईल, दार लावून झोपेल. आली तुझी बहीण. झालं मग."

मी म्हटलं, "मला विचारायचं होतं ना सरळ."

"तू सरळ उत्तर दिलं असतंस? कालच आलो म्हणतेस रोज नव्या बाईला. मी मोजून थकले."

असं म्हणाली आणि उठली. निघताना म्हणाली, वरचा मजला तसाच रिकामा आहे, पण आता तो द्यायला मला निमित्त नाही, आणि तुला घ्यायला. खरं आहे. आपले लोक असेच. निमित्ताशिवाय कुणी कुणाला पाण्याचा घोट देऊ शकत नाही, घेऊ शकत नाही.

शनिवारी त्यांनी तंबू उतरवले. फरामर्ज गिअरबॉक्स घेऊन आला, होता तसाच, पार्ट मिळाला नाही म्हणाला. खरंच मिळाला नसेल. त्यानं तो पेकानच्या शेजारी एका पोत्यावर ठेवला, हात पुसले आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "खाला, मुलाखत चांगली होऊ दे म्हणावं." मला वाटलं त्याला मूठभर शेंगदाणे तरी द्यावेत. नव्हते.

आता ही ओळ जवळजवळ रिकामी आहे. नुसते चौथरे, कुणाच्या चुलीची काळी खूण, कुणाची तुटकी चप्पल. वारा अडवायला कुणाचा तंबू नाही, सगळा आमच्याच अंगावर येतो. इस्कंदर गिअरबॉक्ससमोर बसून असतो, जणू तोच त्याच्याशी बोलणार आहे. त्याला म्हटलं, चल खावरकडे. म्हणाला, मी कुठल्या तोंडानं जाऊ, तू जा, तंबू मी राखतो. राखायला आहे काय, विचारलं नाही. त्याला काहीतरी राखू दे.

तुझं पातेलं इथंच राहिलंय. मी ते वाळूनं घासलं, तीनदा, तळाचा जुना काळा डागसुद्धा काढला, जो तू आयुष्यात कधी काढला नसतास. रिकामं परत देता येत नाही. आणि घालायला माझ्याकडे सुळक्याचं ते टोक सोडून काही नाही. ते घातलंय. एवढ्या मोठ्या पातेल्यात ते टोक इकडून तिकडे खडखडतं, कानाला त्रास होतो.

म्हणून हे पत्र मिनीबसवाल्याच्या हातात देत नाही. माझ्याच हातात आहे, पातेल्यासोबत. दार उघडलंस तर कागद वाचायचीही गरज नाही, मी तोंडानं सांगेन, तुला माहीतच आहे मला किती बोलता येतं. नाही उघडलंस तर दाराखालून आत सरकवीन आणि पातेलं मांडीवर घेऊन तुझ्या पायरीवर बसेन. मला घाई नाहीये. सिमेंटवर बसायची सवय झालीये मला.

कोकब